मदत हवी आहे : किरिंबासच्या किनाऱ्यावरील गावांविषयी

उत्तर मोझांबिकमधील काबो देल्गादो प्रांतात, २००२ मध्ये घोषित झालेल्या किरिंबास राष्ट्रीय उद्यानाच्या किनाऱ्यावर, गुलुडो येथे गवताने शाकारलेल्या खोल्यांचे एक छोटे पर्यटक निवासस्थान उभे राहिले होते. शेजारच्या गावकऱ्यांना तेथे रोजगार मिळे आणि उत्पन्नातील काही वाटा विहिरी व शाळांकडे जाई. चेहऱ्यावर मुसिरो या वनस्पतीचा उगाळलेला पांढरा लेप लावून ओहोटीत शिंपले वेचणाऱ्या तेथील स्त्रियांची छायाचित्रे मी पुन्हा पुन्हा पाहत असते. ऑक्टोबर २०१७ पासून प्रांतात सशस्त्र हिंसाचार सुरू झाला आणि पाहुणे येईनासे झाले. पर्यटनावर विसंबलेल्या गावाने अशा वेळी विहिरीची डागडुजी कशातून करावी? पेंबा या प्रांताच्या राजधानीत किंवा इबो बेटावर राहिलेल्या, काम केलेल्या सभासदांनी आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा.