'विणलेले' आणि 'न विणलेले': बायकांच्या आयात कपड्यांची मराठी नावं

प्रश्न
नागपूरच्या गांधीबागेतल्या ठोक कापड व्यापाऱ्यांसाठी सीमाशुल्क दरसूचीतल्या (आयात मालावरच्या शुल्काची यादी) 61 आणि 62 या प्रकरणांचा मराठी गोषवारा तयार होतोय. तो माझ्याकडे तपासायला आलाय. कपडे दोन्हीकडे आहेत. निटेड आणि क्रोशाचे 61 मध्ये, बाकीचे 62 मध्ये. मसुद्यात 61 ला 'विणलेले कपडे' आणि 62 ला 'न विणलेले कपडे' म्हटलंय. एका दुकानदाराने वाचून विचारलं, "ताई, न विणलेला माल आम्ही विकतो कधी?" दुसरे शब्द सुचवाल का?

उत्तर (कस्टम ब्रोकरकडे काम करतो)
ताई, दुकानदाराचं बरोबर आहे. मराठीत मागावरही विणतात आणि सुयांवरही. कोष्टी लुगडं विणतो, आजी स्वेटर विणते, क्रियापद एकच. 62 मधला बहुतेक माल मागावरचा, म्हणजे विणलेलाच. वर 'न विणलेले' वाचलं की ऑपरेशन थिएटरमधले वापरून फेकायचे गाऊन डोळ्यापुढे येतात. त्या नॉन-वोवन, म्हणजे न विणता तंतू चिकटवून केलेल्या, कापडाच्या कपड्यांना 6210 हे वेगळं शीर्ष (प्रकरणातला चार आकडी गट) आहे.

बाजारात 61 च्या मालाला 'होजिअरी' म्हणतात. पण गिऱ्हाइकाला होजिअरी म्हणजे बनियान नि मोजे. निटेड ब्लेझरला होजिअरी म्हटलं तर दुकानदारच हसेल. मी 61 ला 'सुईविणीचे व क्रोशाचे कपडे' म्हणेन. 62 ला मात्र 'मागविणीचे' म्हणू नका, त्यात फेल्टचे, म्हणजे तंतू दाबून केलेल्या नमद्याचे, कपडेही बसतात. शिवाय ब्रेसियर निटेड असली तरी 62 मध्येच, 6212 खाली. 'सुईविणीचे सोडून इतर' हेच सुरक्षित, आणि 6212 चा अपवाद शेजारीच लिहा.

ओळखायचं कसं, हेही गोषवाऱ्यात हवं. कापलेल्या कडेचा धागा ओढा. मागाच्या कापडातून उभा किंवा आडवा धागा सरळ निघून येतो. सुईविणीत फास फासात अडकलेला असतो, बहुतेकदा ओढताच शिडी पडते. भिंगाखाली हे फास स्वच्छ दिसतात. 'ताणलं की निटेड' हा काउंटरवरचा ठोकताळा मात्र फसवा आहे. लायक्रा घातलेली डेनिम चांगली ताणते, तरी ती मागावरचीच, आणि बायकांची जीन्स 6204 मध्येच जाते.

दुसरं उत्तर (सीताबर्डीत लेडीज वेअरचं दुकान)
भाऊ, विणीचं ठीक आहे, पण बिलावरचा खरा घोळ 'ड्रेस'चा. आमच्याकडे बाई ड्रेस मागते तेव्हा तिला सलवार, कुर्ता आणि ओढणी हवी असते. कोणी त्यालाच 'सूट' म्हणतं. दरसूचीतला ड्रेस म्हणजे वरून खालपर्यंत एकच नग, निटेड असेल तर 6104, नसेल तर 6204. तिथला सूट म्हणजे जॅकेट आणि त्याच कापडाचा स्कर्ट किंवा पँट. सलवार-कुर्त्याला भारतीय दरसूचीने 6211 खाली नाव घेऊन जागा दिली आहे, दुपट्टा असो वा नसो. बिलावर नुसतं 'लेडीज ड्रेस' आलं की दरसूचीतली कुठली ओळ लावायची? आणि ओळ चुकली की पैसे चुकतात, कारण बऱ्याच ओळींवर शुल्क टक्क्यांनी किंवा नगामागे ठरावीक रुपये, जे जास्त असेल ते.

'ब्लाउज'चंही तसंच. 6206 मधला ब्लाउज म्हणजे बायकांचा शर्ट-टॉप, साडीवरचं पोलकं नव्हे. आणि साडी तर कपड्यांत नाहीच, रेशमी साडी 5007 मध्ये, कापडाच्या प्रकरणात! न शिवलेली, म्हणून.

प्रश्न विचारणारी
दोघांचे आभार. उजवी बाजू डावीवर येऊन बंद होते तो बायकांचा, डावी उजवीवर येते तो पुरुषांचा, असा नियम मसुद्यात आहे. बटणं नसलेल्या, दोघांनाही चालणाऱ्या टॉपचं काय?

कस्टम ब्रोकरकडचा
बेतावरून, म्हणजे कपडा कसा कापलाय त्यावरून, स्त्री की पुरुष हे उघड दिसत असेल तर बेत बघायचा, बटणपट्टी नाही. काहीच ठरत नसेल तर बायकांच्या शीर्षात टाकायचं, दोन्ही प्रकरणांच्या टिपांत तसं स्पष्ट आहे. हे ठळक अक्षरात घ्या ताई, युनिसेक्सचा माल हल्ली बराच येतो.

प्रश्न विचारणारी
घेते. आणि दरसूचीतल्या ड्रेसला मराठीत काय लिहू? 'झगा' लिहिलं तर लहान मुलींचा वाटेल.

सीताबर्डीचे
'वनपीस' लिहा जी. दुकानातली पोरगीही समजते, आणि सलवार-कुर्त्याशी गल्लत होत नाही.