आधी मैदान, मग ताम्हिणी

प्रेषक: सहल समिती
प्रति: सर्व सभासद
विषय: डिसेंबरची पुणे-कोकण राईड

नमस्कार मंडळी,

गणपतीत ठरल्याप्रमाणे डिसेंबरच्या सुट्टीत पुण्यात येणारे आठ जण बाईकवर कोकणात जाणार आहेत. चांदणी चौक, पिरंगुट, मुळशी, मग ताम्हिणी उतरून माणगाव आणि दिवेआगर. परतताना महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, पसरणी उतरून वाई आणि पुणे. तीन दिवस, तीन घाट. आठांपैकी पाच जणांनी गेल्या दहा वर्षांत भारतात दुचाकीला हात लावलेला नाही.

म्हणून निघायच्या आधीच्या शनिवारी पुण्यातच अर्धा दिवस वळणांचा सराववर्ग घ्यावा, असं समितीत निघालं. आपल्यातली एक ताई इकडे अमेरिकेत रायडर कोच आहे, ती शिकवायला तयार आहे. कोणाला काय वाटतं ते कळवा. दिवाळी फराळाच्या ऑर्डरी या मेलवर नकोत, कृपया.

प्रेषक: माजी अध्यक्ष

समितीचा उत्साह पाहून बरं वाटलं, पण हसूही आलं. मी १९७८ साली लुनावर सुरुवात केली, पुढे राजदूत घेतली. खंबाटकीला बोगदा नव्हता तेव्हा मागे काकू आणि दोन पिशव्या घेऊन घाट उतरलोय. आम्हाला कोणी वर्ग घेतला नव्हता. शिकवायचंच असेल तर सरळ ताम्हिणीत शिकवा. मैदानात कसली वळणं? कोरड्या विहिरीत पोहायला शिकवण्यातला प्रकार.

प्रेषक: कॅम्पची वहिनी

चकली २ पाकिटं, अनारसे १.

(माफ करा, चुकून इथे गेलं.)

प्रेषक: ताई (कोच)

काका, नमस्कार.

तुमच्या राजदूतबद्दल मला शंका नाही, आणि काकूंच्या धैर्याबद्दल तर मुळीच नाही. पण तुम्ही म्हणता ते थोडं मोजून बघू. २५ मीटर त्रिज्येचं वळण घ्या, घाटात अशी पैशाला पासरी. ताशी ४० ने गेलात तर गाडी साधारण २७ अंश कलते. ताशी ५० ने गेलात तर ३८ अंश. वेग दहानेच वाढवला, पण वळायला लागणारं बळ वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे वेग दुप्पट तर बळ चौपट. बुटक्या क्रूझर गाडीचा फूटपेग (पाय ठेवायची दांडी) ३८ अंशांच्या कितीतरी आधी रस्त्याला घासतो. राजदूत त्या वेगाला पोचेपर्यंत वळण संपलेलं असायचं. हल्लीच्या ४०० सीसी गाड्या दोन वळणांमधल्या छोट्याशा सरळ तुकड्यात तिथे पोचतात, आणि चालवणाऱ्याला ते कळतही नाही.

दुसरी गोष्ट बाजूची. आपण सगळे इकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवणारे. आपल्याला उजवं वळण आतलं आणि डावं बाहेरचं, हे अंगात मुरलंय. तिकडे बरोबर उलट. डावीकडच्या आंधळ्या वळणात आतल्या बाजूला दरड असते आणि पुढचं काही दिसत नाही. उजव्या वळणात दिसतं बरंच, पण तिथे वेगळीच गंमत: चाकं आपल्या बाजूला असतात आणि कललेलं डोकं मधल्या रेषेच्या पलीकडे गेलेलं असतं. समोरून लाल परी आली की त्या दीड फुटाची किंमत कळते. म्हणून उजव्या वळणात शिरताना डावीकडेच राहायचं, मोह झाला तरी लवकर आत कापायचं नाही. (आणि चुकीच्या बाजूला जाण्याची खरी भीती घाटात नसते. चहा पिऊन टपरीवरून निघताना असते, कारण तेव्हा रस्ता रिकामा असतो.)

ताम्हिणीतच का नाही? कारण घाटात एकच वळण सलग वीस वेळा घेता येत नाही. मैदानात फक्कीने गोल आखला की येतं. आणि तिथे चुकलात तर फक्की पुसली जाते, बाकी काही होत नाही.

मी काय घेणार ते सांगते. सकाळी पहिला तास नुसतं हळू चालणं: क्लच अर्धा दाबून इंग्रजी आठचा आकडा, मग छोटा यू-टर्न. हे सगळ्यांना पोरखेळ वाटतं आणि सगळे इथेच पाय टेकवतात. मग ब्रेक. ताशी ४० वरून थांबायचं, पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही, लिंबू पिळतो तसा वाढवत न्यायचा. बऱ्याच जणांना आपल्याकडे ‘पुढचा ब्रेक मारला की पडतो’ असंच शिकवलंय. थांबवण्याचं बरंचसं काम पुढचंच चाक करतं, कारण ब्रेक लागला की वजन पुढे येतं. तो न वापरणारा माणूस लांब जाऊन थांबतो, बहुतेक वेळा कशाच्या तरी मागच्या बंपरवर.

मग हँडल. डावीकडे वळायचं तर डावं हँडल पुढे ढकलायचं. वाचताना उलटं वाटेल. चाक क्षणभर उजवीकडे जातं, त्यामुळे गाडी डावीकडे कलते आणि मग तिकडे वळते. थोडा वेग आला की दुचाकी अशीच वळते, नकळत तुम्हीही हेच करता. घोटाळा होतो तो घाबरल्यावर: वळण अंदाजापेक्षा आवळत गेलं की हात आखडतात, नजर दरीच्या कठड्यावर खिळते, आणि नजर जिकडे तिकडे गाडी. कठड्याकडे न बघता वळणाच्या शेवटाकडे मान वळवायची आणि आतलं हँडल आणखी ढकलायचं, हे आधी पन्नास वेळा केलेलं नसेल तर त्या क्षणी सुचत नाही. माझ्या मते सगळा वर्ग या एका क्षणासाठी आहे.

वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर कमी करायचा. रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात तो बिंदू बघत राहायचा. तो जवळ येऊ लागला म्हणजे वळण आवळतंय, वेग कमी. लांब पळू लागला म्हणजे उघडतंय, मग हळूहळू थ्रॉटल. जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. वाईच्या बाजूला त्या दिवसांत ऊसतोड चालू असते, वळणावर ट्रॅक्टरमधून पडलेला ऊस असू शकतो. ताम्हिणीत खडी आणि भरल्या टाकीतून सांडलेलं डिझेल.

इकडच्या आमच्या कोर्समध्ये सहा जणांमागे एक कोच असा नियम आहे. आठ जण म्हणजे मला जोडीला पुण्यातला एक प्रशिक्षक हवाच. एकटी घेणार नाही.

प्रेषक: न्यू जर्सी

मी मुंबईत उतरतोय. तिथूनच बाईक घेऊन एक्सप्रेसवेने पुण्याला आलो तर चालेल ना?

प्रेषक: पुण्याचा भाचा

मामा, एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. जुन्या हायवेने या, नाहीतर सरळ ट्रेनने या आणि बाईक इथेच घ्या.

बाकी सगळ्यांसाठी: सूसच्या पुढे एका गोदामाचं सिमेंटचं आवार मिळतंय, शनिवारी रिकामं असतं. बघून आलो. एका कोपऱ्यात वाळू सांडलेली आहे ती झाडून घेऊ. मालक म्हणाले आवाज चालेल, पण फक्की जाताना धुऊन द्यायची. दुसरे प्रशिक्षकही मिळाले, पगडीवाल्या पुण्याचे आहेत, वेळेवर येतील आणि वेळेवर जातील.

गाड्या भाड्याने घेताना नंबरप्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तरच भाड्याची परवानगी असलेली गाडी. पांढऱ्या पाटीची कोणी ‘मित्राची आहे, घेऊन जा’ म्हणून दिली तर घेऊ नका, अपघात झाला तर विम्याचा घोळ. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं आहे, पण साध्या एबीएसला गाडी किती कललीय ते कळत नाही. त्याच्या भरवशावर वळणात ब्रेक मारू नका.

आंतरराष्ट्रीय परवाना तिकडूनच काढून आणा, आणि त्यात मोटरसायकलच्या रकान्यात शिक्का आहे ना ते बघा. नुसता कारचा परवाना चालत नाही.

प्रेषक: कॅम्पची वहिनी

मी मागे बसणार आहे. मागच्याने काय करायचं? यांना विचारलं तर म्हणतात गप्प बसायचं.

प्रेषक: ताई (कोच)

वहिनी, गप्प नाही, सैल बसायचं. गाडी ज्या बाजूला कलेल त्या बाजूच्या त्यांच्या खांद्यावरून पुढे बघायचं. भीती वाटली की माणूस उलट बाजूला ताठ होतो, ते मात्र नको. आणि दादांना म्हणावं, मागे माणूस असला की टायरमधली हवा आणि मागचा सस्पेन्शन सकाळीच बघायचा, आणि ब्रेक नेहमीपेक्षा आधी. वर्गाला दोघंही या, शेवटचा तास जोडीनेच घेऊ.

प्रेषक: माजी अध्यक्ष

काल संध्याकाळी नातवाची सायकल घेऊन दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गेलो. कोणी बघत नव्हतं. डावं हँडल हलकेच ढकललं, सायकल डावीकडे कलली. उजवं ढकललं, उजवीकडे. सात-आठ वेळा केलं. मग तिथेच कठड्यावर बसलो आणि विचार केला की १९७८ पासून मी नक्की काय करत होतो.

माझं नाव घाला. हेल्मेट घरूनच आणतो, भाड्याचं कोणाकोणाच्या डोक्यावरून आलेलं असतं देव जाणे. काकू विचारते आहे, त्या खंबाटकीच्या वेळी तिने ताठ बसायचं होतं की सैल. मी म्हटलं, ताईला विचार.