फिरायला गेल्यावर बंदरात काढलेले बोटींचे फोटो: तुमचे अनुभव सांगा

कुठल्याही गावात गेलं की मला आधी धक्का गाठायचा असतो, देवळं-राजवाडे नंतर. सुरुवात मीच करते. फोर्ट कोचीला सगळे मासेमारीच्या चिनी जाळ्यांपुढे सेल्फी काढतात, पण खरी मजा जाळ्यांच्या मागे आहे, कारण बंदरात शिरायची वाटच फोर्ट कोची आणि वायपिनच्या मधून जाते, त्यामुळे वल्लारपाडमच्या कंटेनर टर्मिनलला निघालेलं अजस्र जहाज जाळ्यांच्या अगदी पलीकडून सरकतं. झूमबिम लागत नाही, मोबाइल पुरतो. जहाज कधी येतंय ते मरीन ट्रॅफिक अ‍ॅपवर बघून ठेवायचं आणि चहा घेत बसायचं. आता तुम्ही लिहा. उष्ण कटिबंधातलंच हं, नॉर्वेच्या क्रूझवाल्यांनी माफ करा :)

* * *

कोचीलाच भर घालतो. २०२३ ला सुरू झालेली वॉटर मेट्रो झकास आहे पण एसी, म्हणजे फोटो काचेतून. एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला जाणारी जुनी सरकारी बोट घ्या, बाजू उघड्या असतात. नेव्हीच्या भागाकडे मात्र कॅमेरा वळवू नका, लगेच कोणीतरी हटकतं आणि ते बरोबरच आहे.

* * *

जकार्ताचं जुनं बंदर, सुंदा केलापा!! ऑफिसच्या कामाला गेलो होतो, रविवारी सकाळी टॅक्सी करून गेलो. लाकडी पिनिसी जहाजांची रांगच्या रांग, नाळी (पुढची टोकं) सगळ्या धक्क्यावर झुकलेल्या, निळे-हिरवे-पांढरे रंग, आणि अरुंद फळीवरून पोती वाहणारी माणसं. ही बोट बांधायची कला सुलावेसीची, २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली, पण इथे ती कोणी जपून बिपून ठेवलेली नाही, रोजचा माल वाहतेय. माणसांचे फोटो घेण्याआधी खुणेनं विचारलं, एकदा हो म्हटल्यावर मग सगळ्यांनाच पोझ द्यायची होती. नऊनंतर थांबू नका, विषुववृत्त जवळ, सूर्य भराभर डोक्यावर येतो आणि चेहऱ्यांवर नुसत्या काळ्या सावल्या.

* * *

मी मर्चंट नेव्हीत, म्हणजे माझे फोटो उलट्या बाजूनं :) सिंगापूरला ईस्ट कोस्ट पार्कवरून नांगरलेल्या जहाजांची जत्रा दिसते, तिथे काय बघायचं ते सांगतो. पुढच्या भागात काळा गोळा टांगलेला असेल तर जहाज नांगरावर आहे. पाण्याच्या वर तांबडा रंग बराच दिसत असेल तर ते रिकामं किंवा हलकं. आणि मागच्या बाजूला नावाखाली जे बंदर लिहिलेलं असतं, मोनरोव्हिया, माजुरो, पनामा, ते बऱ्याच जहाजांनी कधी पाहिलेलंही नसतं, मालक दुसऱ्याच देशात, फक्त नोंदणी तिथली. माझ्या मते जहाजाचा सगळ्यात बोलका फोटो मागूनच येतो, पण सगळे पुढूनच काढतात.

* * *

झांझिबार, स्टोन टाउन. संध्याकाळी तिकोनी शिडाचे ढाऊ निघतात, आपल्या गलबतांची भावंडंच म्हणा, मोसमी वाऱ्यावर हे आपल्या किनाऱ्यापर्यंत यायचे. सूर्य शिडाच्या मागे ठेवून शीड काळं येऊ द्या. पण तयारीत राहा, तिकडे सूर्य सरळ खाली बुडतो, नंतरचा उजेड फार टिकत नाही.

* * *

सगळ्यांसाठी एकच, हॉटेलच्या एसीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते. बॅगेतच बंद ठेवून बाहेर न्या, अर्ध्या तासानं उघडा. आणि खारा वारा लागलेली लेन्स शर्टाच्या टोकानं पुसू नका रे, मीठ घासलं जातं, आधी ब्लोअरनं हवा मारा.

* * *

मोंबासाचं कोणी लिहा ना, डिसेंबरात जातोय.