ओरायन तस्करांचा डाव नेमका चालतो कसा? (स्टार ट्रेक)

चांदणवेल

ओरायन, म्हणजे 'स्टार ट्रेक'मधली एक परग्रहवासी जमात, म्हटलं की बहुतेकांना हिरव्या कातडीच्या नर्तकीच आठवतात. मला विचारायचंय ते ओरायनांच्या दुसऱ्या धंद्याबद्दल: चोरून खनिज उपसणारे, माल पळवणारे आणि स्वतः कायम पडद्याआड राहणारे.

मूळ मालिकेतल्या 'जर्नी टू बेबेल'मध्ये (१९६७) हे तस्कर थेट राजदूताचा खून पाडतात. तस्करांना एवढी उठाठेव कशाला? जहाजाचा विज्ञान अधिकारी स्पॉक त्याचं गणित शेवटी दोन वाक्यांत सांगून मोकळा होतो. दुसरं, पुढच्या मालिकांत हवी ती वस्तू रेप्लिकेटरमधून निघते, मग तस्करी करायची कशाची? आणि तिसरं, अंतराळस्थानकावर घडणाऱ्या 'डीप स्पेस नाइन' मालिकेत 'ओरायन सिंडिकेट'चं नाव सारखं येतं, पण हिरवा माणूस एकही दिसत नाही. ही टोळी तीच का?

जाणकारांनी सविस्तर लिहावं. कथानक उघड झालं तरी चालेल.

ध्रुवमत्स्य

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, कारण त्या भागातला डाव फार बारकाईने रचलेला आहे.

सगळं फिरतं कोरिडन या ग्रहाभोवती. तिथे डायलिथियम (अंतराळयानांच्या इंजिनाला लागणारं खनिज) मुबलक, लोकवस्ती विरळ आणि संरक्षण जवळपास नाही. त्यामुळे बेकायदा खाणकाम जोरात. असा ग्रह फेडरेशनमध्ये, म्हणजे ग्रहांच्या संघात, आला की कायदा येतो, गस्त येते, धंदा बसतो. त्याच्या प्रवेशावर मत द्यायला ११४ प्रतिनिधी कप्तान कर्कच्या एंटरप्राइझ जहाजातून निघालेत, त्यांत ३२ राजदूत. ओरायनांना मतदान जिंकायचं नाहीच. परिषद मोडायची आणि सदस्य ग्रह एकमेकांवर उठवायचे. युद्ध पेटलं तर डायलिथियम दोन्ही बाजूंना विकता येईल. स्पॉकच्या दोन वाक्यांतलं गणित ते हेच.

आता पद्धत. थेलेव हा अँडोरियन शिष्टमंडळातला मदतनीस, पण शस्त्रक्रियेने रूप पालटलेला ओरायन. टेलराइट राजदूत गाव्ह मरतो तो मान मोडून, 'ताल-शाया' या जुन्या व्हल्कन पद्धतीने. त्याच्या थोडंच आधी सारेकचं (व्हल्कन राजदूत, स्पॉकचा बाप) त्याच्याशी वाजलेलं असतं, त्यामुळे संशय आपोआप सारेकवर. बाहेर एक अनोळखी जहाज पाठलाग करतंय आणि आतून कोणीतरी त्याला संदेश पाठवतंय.

डाव फसतो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे कर्कवरचा हल्ला. थेलेव त्याच्या पाठीत सुरा खुपसतो, झटापटीत पकडला जातो आणि कोठडीत जातो. माझ्या मते ही मोठी चूक होती. गाव्हच्या खुनाचा आळ सारेकवर बसलाच होता, कर्कला हात लावायची गरज नव्हती. दुसरी गोष्ट प्रेषकाची, म्हणजे संदेश पाठवणाऱ्या यंत्राची. संपर्क अधिकारी उहुरा संदेशाचा उगम शोधत जाते तो कोठडीपाशी येऊन थांबते. मग झटापटीत थेलेवची शृंगिका (अँडोरियनांच्या डोक्यावरचं शिंगासारखं अंग) मोडून हातात येते आणि तिच्या पोकळीत प्रेषक सापडतो. तो क्षण थांबवून बघा. मोडलेली शृंगिका म्हणजे वेषांतराचा पुरावा, आतलं यंत्र म्हणजे हेरगिरीचा. एकाच तुकड्यात दोन्ही.

जहाजाच्या वेगाचंही कोडं आहे. ते इतकं चपळ की फेझरचा, म्हणजे किरणशस्त्राचा, नेम लागत नाही. कारण त्याला परतायचंच नसतं, त्यामुळे परतीसाठी ऊर्जा राखायची गरज नाही, सगळीच्या सगळी हल्ल्यात ओतता येते. कर्क एंटरप्राइझची शक्ती बंद करून मेल्याचं सोंग घेतो, जहाज वेग कमी करून जवळ येतं आणि टप्प्यात सापडतं. निकामी झाल्यावर ते स्वतःला उडवून देतं, थेलेवनेही आधीच संथ विष घेतलेलं असतं. पुरावा म्हणून माणूस नाही की जहाज नाही.

शुक्रतारा_७

वरच्या प्रतिसादाला पुरवणी. हीच रीत अॅनिमेटेड मालिकेतल्या 'द पायरेट्स ऑफ ओरायन'मध्ये (१९७४) आणखी उघडपणे येते. तिथे मालवाहू जहाज लुटून डायलिथियम पळवतात आणि सोबत स्पॉकच्या आजारावरचं स्ट्रोबोलिनही जातं. कर्क फक्त औषध मागत असतो, बदल्यात सौदाही देऊ करतो. तरी ओरायन कप्तान दोन्ही जहाजं उडवायला निघतो, कारण ओरायन अधिकृतपणे तटस्थ आहेत. चोरी सिद्ध झाली तर ती तटस्थता जाते, आणि तिच्यापुढे जहाज नि खलाशी त्यांना स्वस्त. 'फसलं तर मरा' हा नियम वेडेपणा वाटतो, पण नाव झाकण्याची ती ठरवून मोजलेली किंमत आहे.

खाणमजूर

तस्करी कशाची, या प्रश्नावर.

कर्कच्या काळात रेप्लिकेटर आजच्या अर्थाने नाहीच, त्यामुळे तिथे अडचण येत नाही. पुढच्या शतकात मात्र तस्करी उरते ती रेप्लिकेटरमधून न निघणाऱ्या किंवा बंदी असलेल्या वस्तूंची. डायलिथियम त्यातच. लॅटिनमही त्यातच, म्हणून तर ते चलन झालं. लॅटिनम मुळात द्रव असतं, सोनं हे नुसतं त्याचं वेष्टन. 'डीप स्पेस नाइन'च्या 'हू मोर्न्स फॉर मॉर्न?' (१९९८) या भागात स्थानकावरचा बारमालक क्वार्क याच्या हाती विटा लागतात, फोडून बघतो तर आत लॅटिनमच नाही. मग नुसत्या सोन्याला विचारतो कोण! ते सगळं द्रव त्याचं गिऱ्हाईक मॉर्नने आपल्या दुसऱ्या पोटात साठवलेलं असतं आणि शेवटी तो त्यातलं थोडं एका पेल्यात ओकून काढतो. या भागाचा सिंडिकेटशी संबंध नाही, पण मौल्यवान माल वेष्टनापासून वेगळा करून अंगावरून कसा न्यायचा याचं याहून चांगलं प्रात्यक्षिक अख्ख्या मालिकेत नाही.

तिसरा माल म्हणजे बायोमिमेटिक जेल. त्याच मालिकेतल्या 'इन द पेल मूनलाइट'मध्ये २०० लिटर मागितलं जातं आणि घासाघीस होऊन ८५ लिटरवर तुटतं. घातक वापर होऊ शकतो म्हणून ते नियंत्रित आहे, आणि जिथे नियंत्रण तिथे चोरबाजार आलाच.

अबोली_क

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाव तेच, पण 'डीप स्पेस नाइन'मधलं सिंडिकेट एका वंशाचं राहिलेलं नाही. मूळ मालिकेत 'सिंडिकेट' हा शब्द येतच नाही. तो पहिल्यांदा ऐकू येतो 'द असेंट'मध्ये (१९९६). स्थानकाचा सुरक्षाप्रमुख ओडो क्वार्कला सिंडिकेटविरुद्धच्या खटल्यात आरोपी म्हणून घेऊन निघतो आणि वाटेत यानात बॉम्ब सापडतो.

पुढचे तीन भाग एकामागोमाग पाहिले की टोळीची रचना उलगडते. 'अ सिंपल इन्व्हेस्टिगेशन'मध्ये (१९९७) टोळीसाठी काम करणाऱ्या अरिसाच्या मानेत डेटापोर्ट आहे, त्यातून ती थेट संगणकात शिरते. म्हणजे टोळीला मालाइतकीच माहितीही हवी असते. 'ऑनर अमंग थीव्ह्ज'मध्ये (१९९८) स्थानकाचा अभियंता ओब्रायन फॅरियस प्राइम या ग्रहावर छुपा होऊन शिरतो, आणि इथे सगळ्यात महत्त्वाचा नियम कळतो: नव्या माणसाला आत घ्यायचं तर जुन्याने वरिष्ठापुढे त्याची ग्वाही द्यायची. नवा फितूर निघाला तर ग्वाही देणाऱ्याचा जीव जातो. टोळीतला बिल्बी ओब्रायनसाठी वरिष्ठ रेमसपुढे उभा राहतो तेव्हा तो स्वतःचं मरण लिहून देत असतो, आणि हे ओब्रायनला ठाऊक असतं. शेवटी बिल्बी आपलं मांजर ओब्रायनच्या हवाली करून निघतो. तो प्रसंग हलवून टाकतो.

'प्रॉडिगल डॉटर' (१९९९) अनेकजण सोडून देतात. तसं करू नका. वैध धंद्यात टोळी कशी शिरते ते फक्त इथेच दिसतं. न्यू सिडनीवर एझ्रीच्या (स्थानकाची समुपदेशक) माहेरची पर्जियम या खनिजाची खाण आहे. धंदा अडचणीत असताना सिंडिकेट मदत करतं. परतफेड म्हणून एवढंच: बिल्बीच्या विधवेला, मोरिकाला, पगारपत्रकावर घ्या. काम काही नाही, पगार चालू. मागणी अगदी किरकोळ वाटते, म्हणूनच घरचे हो म्हणतात. मग ती रक्कम वाढवून मागते, नाही म्हणायची सोय उरलेली नसते, आणि एझ्रीचा धाकटा भाऊ नॉर्वो तिचा खून करतो. टोळीला त्या घरावर एकदाही बंदूक रोखावी लागलेली नाही.

शुक्रतारा_७

अबोली, एक दुरुस्ती. 'द असेंट'मध्ये क्वार्क आरोपी नसतो, साक्षीदार असतो. ओडो आनंदाने आरोपी समजून नेत असतो आणि हे त्याला वाटेत कळतं. क्वार्क सिंडिकेटचा सभासदही नव्हता, कारण सभासदत्वाची फी त्याला परवडली नाही. हा तपशील महत्त्वाचा आहे. टोळीत शिरायला आधी पैसे भरावे लागतात, म्हणजे क्वार्कसारखे किरकोळ तस्कर कायम कुंपणाबाहेरच. बॉम्ब का, तेही यातून कळतं: साक्षीदार संपला की खटला संपला.

अबोली_क

बरोबर, 'आरोपी' ही ओडोची समजूत, मीच ती खरी म्हणून लिहून गेले. धन्यवाद.

चांदणवेल

सगळ्यांचे आभार. शृंगिकेचा मुद्दा पूर्ण निसटला होता. हे सगळं कुठल्या क्रमाने पाहावं? कथेतल्या कालक्रमाने सुरुवात केली तर चालेल का?

ध्रुवमत्स्य

नको. कालक्रमाने 'एंटरप्राइझ' याच नावाच्या मालिकेतले 'बॉर्डरलँड' (२००४) आणि 'बाउंड' (२००५) आधी येतात, आणि 'बाउंड' आधी पाहिलात तर एक पत्ता फुकट जाईल. तिथे कळतं की ओरायनांत गुलाम पुरुष आहेत, हुकूम बायकांचा चालतो आणि त्यांच्या अंगच्या गंधद्रव्यांनी पुरुष भांडखोर आणि आज्ञाधारक होतात. ही कलाटणी आधीची प्रतिमा मनात ठसलेली असेल तरच बसते.

तेव्हा 'जर्नी टू बेबेल', मग अॅनिमेटेड भाग, मग अबोलीने सांगितलेले चार त्याच क्रमाने, मग 'बॉर्डरलँड'मधला वेरेक्स-३ वरचा गुलामांचा बाजार आणि लगेच 'बाउंड'. शेवटी 'डिस्कव्हरी' मालिकेचा तिसरा हंगाम (२०२०). तिथे ओरायन ओसायरा 'एमरल्ड चेन' ही टोळी चालवते, तिच्यात अँडोरियनही सामील आहेत, आणि लपूनछपून काही नाही, भर दिवसा राज्य आहे. तरी एक गुपित ती जिवापाड जपते: चेनजवळचं डायलिथियम संपत आलंय. ते रिन या अँडोरियनला माहीत असतं, म्हणूनच तो तिला हवा असतो.

खाणमजूर

त्यात 'लोअर डेक्स' मालिकेचा 'समथिंग बॉरोड, समथिंग ग्रीन' (२०२३) घाला, 'बाउंड'नंतर लगेच. ओरायन असलेली अधिकारी टेंडी बहिणीच्या लग्नासाठी ओरायनला जाते आणि तस्कर घराण्यांचं घर आतून बघायला मिळतं.