बाबांच्या नावावरची चोरीला गेलेली गाडी सापडली, पण बाबा आता नाहीत. कोर्टातून सोडवायची कोणी?

वैदेही_हडपसर | 12 सप्टेंबर 2025, रात्री 10:40

पोलिसांकडून गाडी सोडवण्याचा अनुभव कोणाला असेल तर कृपया सांगा. सगळं एकदमच लिहिते.

माझे बाबा 14 जूनला गेले. गाडी त्यांची, 2017 ची वॅगन आर, सीएनजी. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्तीच्या फंडातून रोख घेतलेली. सर्व्हिसिंगची प्रत्येक पावती तारखेनुसार कप्प्यात लावलेली असायची. ते गेल्यावर आरसी आईच्या नावावर करायची होती, ती राहूनच गेली.

22 ऑगस्टच्या रात्री गाडी सोसायटीच्या भिंतीलगत उभी होती. आई बाबांचा फोन अजून रोज चार्जिंगला लावते. पहाटे त्यावर मेसेज वाजला, पाटसच्या टोलनाक्यावर फास्टॅगमधून पैसे गेले म्हणून. आईने मला हलवून विचारलं, "आपली गाडी कोणी नेलीय का गं?" खाली धावले तर जागा रिकामी, खाली काचेचा चुरा. 112 ला फोन केला. चौकीत पोचेपर्यंत सरडेवाडीच्या नाक्याचाही मेसेज आला. त्यानंतर काही नाही, स्टिकर काढून टाकला असणार. गुन्हा त्याच दिवशी दाखल झाला, भारतीय न्याय संहितेचं चोरीचं कलम 303(2). पुढे गणपतीचा बंदोबस्त आला आणि तपास थंडावला.

काल टेंभुर्णीकडच्या पोलिसांचा फोन आला. उसाच्या कडेला बेवारस उभी होती. दोन्ही नंबरप्लेट नाहीत, चासी नंबरवरून मालक शोधला. आज बघून आले. बॅटरी, स्टेपनी, टेप गायब. स्टार्टरचं लॉक फोडलंय, मागची डावी काच नाही. विठ्ठलाचा फोटो जागेवर आहे. दाराच्या कप्प्यात बाबांच्या चष्म्याचं घर तसंच आहे. हात लावू दिला नाही.

आता अडचण अशी. तिथे म्हणाले, पुण्याचं पोलीस स्टेशन ताबा घेईल. पुण्यात म्हणाले, मालकाला घेऊन या. मालक कुठून आणू? एकाने तर चार्जशीट झाल्यावर बघू असं सांगितलं. अर्ज आईने करायचा की मी? कोर्ट पुण्याचं की तिकडचं? विमा डिसेंबरपर्यंतचा फुल आहे, पण तोही बाबांच्याच नावावर. तो चालतो का?

कोर्टाची_पायरी | 12 सप्टेंबर, रात्री 11:25

वैदेही, मी पुण्यात फौजदारी वकिली करते. चार्जशीटसाठी थांबायची काहीही गरज नाही. सुप्रीम कोर्टाने 2002 साली सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या निकालात स्पष्ट म्हटलंय की जप्त वाहनं पोलीस स्टेशनच्या आवारात सडत ठेवू नयेत. फोटो, पंचनामा करून योग्य जामीन घेऊन ताबा द्यावा. अर्जात या निकालाचा उल्लेख करा.

आधी एक खात्री करा. टेंभुर्णीच्या बाजूला वेगळा गुन्हा नोंदवला आहे का? नसेल, तर पुण्याचे तपासी अंमलदार गाडी तुमच्या गुन्ह्यात वर्ग करून घेतील आणि अर्ज शिवाजीनगरच्या कोर्टात, ज्या कोर्टाच्या हद्दीत तुमचं पोलीस स्टेशन येतं तिथे लागेल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 503, जुन्या कायद्यातलं 457. आम्ही सोबत 497 ही लिहितो.

अर्ज आईंच्या नावाने करा. मृत्यूचा दाखला, आरसी, विमा, एफआयआर, आधार, रेशनकार्ड, आणि बाकी सगळ्या वारसांचं "आईला ताबा द्यायला आमची हरकत नाही" असं प्रतिज्ञापत्र. भाऊ-बहीण कोणी परदेशात असेल तर आत्ताच सांगा. कोर्ट पोलिसांचा आणि सरकारी वकिलांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, मागवेल. सगळ्यात जास्त दिवस तिथेच जातात, म्हणून तपासी अंमलदारांना रोज फोन करा.

आता ज्यात लोक फसतात ते. सुपुर्दनाम्याच्या, म्हणजे गाडीचा ताबा देण्याच्या, आदेशात साधारण अट असते की गाडी विकायची नाही, रंग बदलायचा नाही, बोलावलं की हजर करायची. काही वेळा मालकीत बदल करू नये असंही लिहितात. तुम्हाला तर आरसी आईंच्या नावावर करायचीच आहे. ती परवानगी याच अर्जात मागा. नाहीतर आरटीओच्या दारातून पुन्हा कोर्टात यावं लागेल. आणि एफआयआरमधला चासी नंबर आरसीशी अक्षर-अक्षर ताडून बघा. एका आकड्याच्या चुकीने महिना गेलेला मी पाहिलाय.

सर्व्हेअर_निवृत्त | 13 सप्टेंबर, सकाळी 6:50

मुली, विम्याचं आज कर, उद्यावर ढकलू नकोस. मी तीस वर्षं मोटार क्लेमचे सर्व्हे केले.

खाजगी गाडीच्या पॉलिसीत अट असते: एकट्या विमाधारकाचा मृत्यू झाला तर पॉलिसी लगेच संपत नाही, मृत्यूपासून तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत, यातलं जे आधी येईल तोवर चालते. बाबा 14 जूनला गेले, म्हणजे मुदत उद्या संपते, आणि उद्या रविवार आहे. चोरी 22 ऑगस्टची, ती मुदतीच्या आत बसते, म्हणून त्या नुकसानीचा तुमचा हक्क शाबूत आहे. पॉलिसी आईंच्या नावावर करण्याचा अर्ज मात्र आजच ईमेलने पाठव, मृत्यूचा दाखला जोडून. त्याच ईमेलमध्ये गाडी सापडल्याचंही कळव. चोरीचा क्लेम आता नुकसानीचा क्लेम होईल. विमा आईंच्या नावावर झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर चालवत आणू नका, क्रेनने आणा.

सर्व्हे होईपर्यंत एक नटसुद्धा बदलू नका. काचेला घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, नाही. बॅटरीला निम्मा कापतात, प्लॅस्टिक-रबरालाही तेवढाच. टेप कंपनीतून आलेला नसेल आणि पॉलिसीत वेगळा लिहिलेला नसेल तर त्याचे पैसे मिळत नाहीत, त्यावर भांडण्यात दिवस घालवू नकोस. दोन्ही चाव्या जपून ठेव, मागतीलच.

आणि बाबांच्या पावत्या कप्प्यात सापडल्या तर मला फार आनंद होईल. अशी ठेवलेली गाडी सर्व्हेअरला लगेच ओळखू येते.

सातारी_माती | 13 सप्टेंबर, दुपारी 1:15

ताई, आमची बोलेरो अशीच सापडली होती. आम्ही चार्जशीटची वाट बघत बसलो आणि ती अकरा महिने स्टेशनच्या मागे उभी राहिली. उंदरांनी वायरिंग खाल्लं, चारही टायर बसले, आतून झाड उगवलं. चोरट्यांनी जेवढं नेलं त्याच्या दुप्पट खर्च त्या उभं राहण्याने झाला. वकीलबाई म्हणतात तसं लगेच करा.

ताबा पावतीवर सही करण्याआधी चारही बाजूंचे, मीटरचे आणि चासी नंबरचे फोटो काढा. गाडीत आपलं नसलेलं काही दिसलं तर हात न लावता पोलिसांना दाखवा. आमच्या सीटखाली दुसऱ्याच गाडीची आरसी निघाली होती.

वैदेही_हडपसर | 5 ऑक्टोबर 2025, सकाळी 9:05

तुमच्या सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते लिहिते, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल.

ईमेल 13 तारखेला दुपारी दीडच्या आत गेला. सर्व्हेअर काकांनी सांगितलं नसतं तर आम्ही सोमवारीच गेलो असतो. तिकडे वेगळा गुन्हा नव्हता. गाडी 17 ला पुण्यात आली, अर्ज दुसऱ्या दिवशी. एफआयआरमध्ये चासी नंबरात 8 च्या जागी बी पडला होता. पुरवणी जबाबात दुरुस्त करून घेतला. से यायला आठ दिवस लागले. आदेश 29 ला झाला, आईच्या बंधपत्रावर, आणि आरसी तिच्या नावावर करायची परवानगीही त्यातच मिळाली. आई साक्षीदाराच्या पिंजऱ्याशेजारी उभी होती, साहेबांनी विचारलं, "गाडी कोण चालवणार?" ती म्हणाली, "मुलगी." मला शिकवलं बाबांनीच.

पावत्या सगळ्या सापडल्या, काका. रबरबँडसकट.

दसऱ्याला गाडी गॅरेजमध्येच होती. आई झेंडूची माळ घेऊन तिथे गेली, बॉनेटवर हळद-कुंकू वाहिलं. मेकॅनिकने तोवर काम थांबवलं. चोरांचा अजून पत्ता नाही.

नव्या प्लेटसाठी एफआयआरची प्रत लागते, ती दिलीय. आरसी वारसाच्या नावावर करायचा फॉर्म 31 भरलाय, आरटीओची तारीख पुढच्या आठवड्यातली आहे. राहिला फास्टॅग. नवीन आईच्या नावाने घ्यावा लागेल हे मला माहीत आहे. पण तिची इच्छा आहे की मेसेज बाबांच्याच नंबरवर यावेत, तो फोन ती बंद करणार नाही. सिम तिच्या नावावर करून तोच नंबर नव्या टॅगला जोडता येतो का? कोणी केलं असेल तर सांगा.