देवस्थानच्या जुन्या कीर्दीतले आकडे कसे वाचावेत?

प्रश्न (डिचोली)
देवस्थानची कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) संगणकावर चढवायची आहे. पानं मोडीत, मध्येमध्ये पोर्तुगीज पावत्या डकवलेल्या. शके १७९० ते १८०० चा हिशेब आहे. आकड्यापुढे उभ्या रेघा (७॥, ३॥।), कुठे त्यांच्याही पुढे आडव्या, त्या कशा वाचायच्या? रुपयाचे रेइश (पोर्तुगीज चलनातलं लहान एकक) किती धरायचे? जमिनीच्या एका पोर्तुगीज कागदावर १.२५० चौरस मीटर लिहिलंय, ते सव्वा मीटर कसं असेल?

उत्तर (फोंडा)
उभी रेघ म्हणजे पाव, म्हणजेच चार आणे. त्यापुढची आडवी किंवा कललेली रेघ म्हणजे एक आणा. ७॥ म्हणजे साडेसात. ७११ म्हणून चढवलंत की पुढची सगळी बाकी बिघडते. चार आणे झाले की उभी रेघ, चार पाव झाले की रुपया, त्यामुळे कुठल्याच जातीच्या तीनपेक्षा जास्त रेघा येत नाहीत. चौथी दिसली तर ती बहुधा नोंद संपल्याचा दंड.

पडताळा बेरजेनेच घ्या. समजा ३॥ आणि ४। व दोन आडव्या, म्हणजे साडेतीन आणि चार रुपये सहा आणे. खाली ७॥। व दोन आडव्या असायला हव्यात: सात रुपये चौदा आणे. जुळलं नाही तर आधी रेघा पुन्हा मोजा, मग अंकाकडे वळा.

उत्तर (मडगाव)
१.२५० म्हणजे बाराशे पन्नास. पोर्तुगीज लिखाणात हजारानंतर टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम, आपल्या सवयीच्या बरोबर उलट. क्षेत्रफळात ही चूक हजारपटीची होते, म्हणून मूळ कागदावरचं चिन्ह जसंच्या तसं वेगळ्या रकान्यात ठेवाच.

रुपयाचं उत्तर वर्षावर आहे. १८७१ पूर्वी गोव्यातला रुपया ६०० रेइशचा, म्हणजे १० टंगांचा. १८७१ पासून १६ टंगा, ९६० रेइश. टंगा दोन्हीकडे ६० रेइशचाच, बदलला तो रुपया. शकात ७८ मिळवा (जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या नोंदींना ७९): शके १७९३ म्हणजे १८७१-७२. तुमची वही नेमकी या सांध्यावर आहे. शिवाय नोंद आण्यांत असेल तर तो ब्रिटिश रुपयाही असू शकतो. रकान्याचं शीर्षक बघितल्याशिवाय रेइश करू नका.

पावत्यांच्या तारखांनाही जपा. सात, आठ, नऊच्या आकड्याला 'ब्रो' किंवा 'ब्र' जोडलेलं असेल तर ते सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. सातवा, आठवा, नववा महिना नव्हे. डिसेंबरला रोमन दहाची फुली.

उत्तर (पेडणे)
अंकांबद्दल थोडं. देवनागरी-मोडी अंक आणि पोर्तुगिजांचे अंक दोघांचं मूळ ब्राह्मीत. पोर्तुगिजांचे अरबांमार्फत युरोपात जाऊन, वळण बदलून इथे परतले. आपला ४ त्यांच्या वरून उघड्या राहिलेल्या आठासारखा, आपला १ त्यांच्या नवासारखा दिसतो. एका पानावर दोन्ही हात असतील तर आधी शाई आणि अक्षर बघून ओळ कुणाची ते ठरवा, मग अंक. गांवकारीच्या (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेच्या) त्याहून जुन्या कागदांत गोंयकानडी, म्हणजे गोव्यातल्या जुन्या लिपीतले, अंक भेटतील. ते कन्नड वळणाचे आहेत, तिथे देवनागरीचा अंदाज चालत नाही.

प्रश्नकर्ता
देव बरें करूं. पाव-आण्याच्या खुणा टाइप कशा करू? दंड टाकतोय, पण शोध घेताना गोंधळ होतो.

उत्तर (फोंडा)
दंड नको. युनिकोडमध्ये या खुणांना स्वतंत्र जागा आहे: ए८३० पाव, ए८३१ अर्धा, ए८३२ पाऊण; पुढचे तीन एक, दोन, तीन आणे. मोडी अंकांसाठीही जागा आहे, पण सगळ्या फॉन्टांत ते नसतात, चौकोन दिसतात. म्हणून तीन रकाने करा: मूळ खूण, रुपये, आणे. बेरीज शेवटच्या दोनांवर लावा.