मिस्टरांची बोटं प्रेसमधे गेली, दोन महिने पगार नाही, पीएफ काढू का?

आम्ही भोसरीला राहतो. मिस्टर कॉन्ट्रॅक्टवर पॉवर प्रेसला आहेत, पगार साडेअठरा हजार. दोन महिन्यांपूर्वी उजव्या हाताची दोन बोटं गेली. ठेकेदाराने खासगी दवाखान्यात नेलं, बिल भरलं आणि म्हणाला ईएसआयच्या (कामगारांच्या सरकारी विम्याच्या) भानगडीत पडू नका, मी बघतो. आता फोन उचलत नाही. घरभाडं थकलंय, गटाच्या कर्जाचा हप्ता दर आठवड्याला, मंगळवारी बाई दारात येऊन बसते. कानातलं गहाण ठेवलं, आता पीएफच उरलाय. हे डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायला शिकतायत, बघवत नाही.

चिंचवडकर: ताई पीएफला हात लावू नका आधी. सॅलरी स्लिपवर ईएसआय कट होतोय का बघा, 21000 पर्यंत पगार असेल तर व्हायलाच पाहिजे. कामावरच्या अपघातात बरं होईपर्यंत पगाराच्या 90 टक्के मिळतात, म्हणजे तुम्हाला दिवसाला साडेपाचशेच्या आसपास. साध्या आजारपणाला 70 टक्केच, म्हणून अपघात म्हणूनच नोंद करून घ्या.

प्रेसवाला: भाऊंना सांगा घाबरू नका. माझं पण एक बोट गेलंय, मला मेडिकल बोर्डाने अपंगत्वाचे टक्के ठरवून दिले आणि आता दर महिन्याला पेन्शन येते, आयुष्यभर. ठेकेदार रिपोर्ट देत नसेल तर तुम्ही स्वतः ईएसआयच्या ऑफिसला लेखी द्या, आणि मूळ कंपनीला पण पत्र द्या, ठेकेदाराच्या माणसांची जबाबदारी कायद्याने तिच्यावर पण येते. "मी बघतो" म्हणणाऱ्यावर विसंबून माझे चार महिने गेले हो.

चिंचवडकर: आणि हा 90 टक्क्यांचा लाभ चालू असताना कामावरून काढता येत नाही, हे पण लक्षात ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती: स्लिप सापडली दादा, गव्हाच्या डब्यामागे. ईएसआय 139 रुपये कट आहे! एवढे दिवस कुणी सांगितलंच नाही हो. उद्या सकाळी दोघं जातो. एक्सरे पण घेऊ का?

प्रेसवाला: सगळं घ्या, डिस्चार्ज पेपर, एक्सरे, गेटपास. झेरॉक्सचे दोन सेट करा, आणि अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.